बाबांच्या शेजारची जागा

आमच्या नांदेडच्या ख्रिस्ती मंडळीत कोणी वारलं की पहिला फोन चर्चच्या पाळकांना जातो आणि दुसरा मला. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात मुख्य लिपिक आहे, त्यामुळे कागदपत्रं आणि माणसं एकाच वेळी हाताळायची सवय आहे. दफनाची माझी एक छापील यादीच आहे. सुतार, पेटीची लांबी, पांढरं कापड, खड्डा खणणारे, फुलं, क्रूस, दाखला, खुर्च्या, पिण्याचं पाणी, गीतांची पुस्तकं. उन्हाळा असेल तर बर्फाची पेटी. आणि शेवटी, पाय पूर्वेकडे. ही बाब मुद्दाम लिहिलेली आहे, कारण घाईत लोक विसरतात. आमच्यात मृताचं डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला ठेवतात. प्रभू पूर्वेकडून येईल, तेव्हा उठून बसणाऱ्याचं तोंड त्याच्याकडे असावं म्हणून.

यादी करायची सवय मला आईकडून लागली. आई उदगीरला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत मुलांना शिकवायची. तिची यादी शेवटच्या काळाच्या चिन्हांची होती. एका जाड वहीत ती चिन्हं लिहायची आणि घडलेल्या गोष्टींपुढे खूण करायची. लढाया, दुष्काळ, लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते, साथीचा रोग. मांजरपाटावर रंगवलेला एक लांब तक्ता तिनं स्वतः केला होता. त्यात डावीकडे एदेन बाग होती, उजवीकडे कर्णा वाजवणारा देवदूत, आणि देवदूताच्या खाली पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमिनीवरून वर उचलली जात होती. त्या माणसांत एक चष्मेवाली बाई होती. आईला विचारलं की ती म्हणायची, "मीच हाय ती. मी मरणार न्हाई. मला जिवंतच नेणार हाय तो."

हे ती गमतीनं म्हणत नव्हती. भूकंपाच्या पहाटे, मी कॉलेजात शिकत होते तेव्हा, सगळी गल्ली रस्त्यावर ओरडत उभी होती आणि आईनं मला आणि माझ्या धाकट्या भावाला केस विंचरून, स्वच्छ कपडे घालून अंगणात बसवलं. उजाडेपर्यंत आम्ही पूर्वेकडे बघत बसलो. मग दूधवाला आला.

लहानपणी शाळेतून घरी यावं आणि घरात कोणी नसावं, याची मला फार धास्ती होती. दार उघडं, चुलीवर भात, आणि आई नाही. वाटायचं, झालं, सगळ्यांना नेलं, मी राहून गेले. मग आई परसातून बादली घेऊन यायची. हे मी तिला कधी सांगितलं नाही. भावालाही असंच वाटायचं, हे मला तो चाळिशीत आल्यावर कळलं.

बाबा गेले त्याला सतरा वर्षं झाली. उदगीरच्या आमच्या कब्रस्तानात त्यांच्या शेजारची जागा चर्चच्या कमिटीनं आईसाठी राखून ठेवली होती. तशी पद्धत आहे. तीन वर्षांपूर्वी मंडळीतली एक तरणी सून बाळंतपणात गेली. नवरा वीटभट्टीवर कामाला. पावसाळ्याचे दिवस होते, आणि मोकळी जागा फक्त मागच्या भिंतीकडे उरली होती, जिथे नाल्याचं पाणी तुंबतं. तो माणूस चर्चच्या पायरीवर बसून एवढंच म्हणत होता, "पाण्यात न्हाई ठेवायची तिला. पाण्यात न्हाई." आई उठली आणि कमिटीला म्हणाली, "माझी जागा द्या."

मला हे दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं.

"आई, विचारायचं तरी होतंस."

"काय इचारायचं? मला कुठं लागणार हाय ती?"

"आणि लागली तर?"

"तुझा इश्वास कच्चा हाय बघ. पयल्यापासून." तिनं फोन भावाच्या हातात दिला. भाऊ मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एका आडतीवर मुनीम आहे आणि आई त्याच्याकडेच राहायची. तो म्हणाला, "अक्का, जाऊ दे. चांगलंच केलं की तिनं." चांगलंच केलं होतं, हे मलाही कळत होतं. पण माझ्या हिशेबानं एक जागा कमी झाली होती.

मागच्या वर्षी गणपतीच्या सुमारास आईला जेवण जाईना. मग डोळे पिवळे झाले. उदगीरच्या डॉक्टरांनी लातूरला पाठवलं. मी रजा टाकली, कपडे, रिपोर्टांची फाईल, थर्मास आणि चार्जर पिशवीत भरले आणि लातूरला पोचले. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला आणि भावाला आत बोलावलं. गाठ स्वादुपिंडात होती आणि यकृतात पसरली होती. ते म्हणाले, ऑपरेशनचा उपयोग नाही. मी विचारलं, किती दिवस. ते म्हणाले, महिना, फार तर दीड. मी ते फाईलच्या मागच्या बाजूला लिहिलं, कारण हातात पेन होता.

बाहेर जिन्यात भाऊ म्हणाला, "आईला सांगायचं न्हाई."

"का?"

"का म्हणजे? तिचा इश्वास मोडंल. सारी उमर एकच बोलली ती. आता तिला काय सांगणार, देवानं तुझं न्हाई ऐकलं म्हणून?"

आमच्या उदगीरच्या पाळकसाहेबांना फोन केला. तेही म्हणाले, सध्या नको, प्रार्थना करू, मार्ग दिसेल. मी मान्य केलं. माझा स्वभाव नाही तो. जे खरं आहे ते कागदावर यावं आणि संबंधितांना कळावं, असं मला वाटतं. पण आईच्या बाबतीत मी घाबरले. मला तिच्या मरणाची भीती होतीच, पण मरताना ती देवाला काय म्हणेल, याची जास्त होती. शेवटी तिच्या तोंडून "मला फसवलंस" असं ऐकावं लागलं तर मी काय करणार होते?

म्हणून आम्ही काविळीचं नाव पुढे केलं. आई म्हणायची, "काविळीला एवढी मशिनं कशाला?" आणि आम्ही दुसरं काहीतरी बोलायचो.

वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता, सहा खाटांचा. शेजारच्या खाटेवर रेणापूरची एक बौद्ध बाई होती, पित्ताशयाच्या खड्यांसाठी आलेली, आईपेक्षा वीसेक वर्षांनी लहान. दोघींचं दिवसभर चालायचं. आई तिला प्रभूच्या येण्याबद्दल सांगायची. ती म्हणायची, "आजी, आमच्याकडं असं वरून न्यायला कुणी येत न्हाई. आपलं आपणच चालायचं." आई म्हणायची, "चाल की मग. बघू कुठवर जातीस." आणि दोघी हसायच्या. तिची सून जेवणाचा डबा आणायची, त्यातलं वरण आईला चालायचं.

सातव्या दिवशी दुपारी आईला इंजेक्शन दिलं आणि ती झोपली. माझ्याकडे खालून आणायच्या वस्तू होत्या. औषधं, सलाईनच्या दोन बाटल्या, केळी, साबण. लिफ्ट बंद होती. मेडिकलवर रांग होती. अर्धा तास गेला असेल.

मी खाली असताना वॉर्डच्या छतातून पाणी गळायला लागलं. वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला होता. नर्सनं घाईघाईनं सगळ्या पेशंटना पलीकडच्या वॉर्डात हलवलं. आई गाढ झोपली होती आणि तिच्या बाजूला गळती नव्हती, म्हणून तिला शेवटी न्यायचं ठरलं. स्ट्रेचर यायला वेळ लागला.

आईला जाग आली तेव्हा वॉर्डात कोणी नव्हतं. पाच खाटा रिकाम्या होत्या. चादरी अर्धवट ओढलेल्या. एका स्टुलावर अर्धा कप चहा. रेणापूरच्या बाईच्या खाटेखाली तिची चप्पल जशीच्या तशी, टाचा भिंतीकडे. कुठेतरी पाणी पडल्याचा आवाज.

मी दारात आले तेव्हा आई खाली फरशीवर बसलेली होती. सलाईनची सुई तिनं उपसून काढली होती आणि हातातून रक्त गाऊनवर सांडत होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "तू पण राहिलीस?"

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि माझ्या हातातल्या बाटल्या खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

"आई, अगं..."

"सगळ्यांना नेलं. ती रेणापूरचीसुद्धा गेली. चप्पल बी सोडून गेली. मला न्हाई नेलं. मी काय केलं असंल गं? काय राहिलं माझ्याकडून?" ती एकेक आठवत होती. "धाकट्या जावेशी मी दोन वर्सं बोलले न्हवते, ते असंल का? का शाळेतल्या त्या पोरीला मारलं, ते?"

मी तिच्याजवळ बसले आणि हाताला रुमाल दाबून धरला. तेवढ्यात दारातून आवाज आला. रेणापूरची बाई अनवाणी उभी होती.

"अगं बाई, आजी खाली कशा? मी शेजारच्या वॉर्डात हाय हो. चप्पल राहिली म्हणून आले."

आईनं तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. एवढी मोठी चूक, पण हसायला कोणीच तयार नव्हतं. त्या बाईला काही ठाऊक नव्हतं, तरी तिनं चप्पल घातली नाही. हातात घेतली आणि हळूच निघून गेली. नर्स आली, पट्टी बांधली, मला रागावली. आईला उचलून खाटेवर ठेवलं. मग आईनं माझं मनगट धरलं. तिच्या बोटांत अजून जोर होता.

"त्यानं नेलं न्हाई. कुणालाच नेलं न्हाई. बरं. मग मी हितं कशाला हाय? कावीळ सांगू नको. खरं बोल."

मी खरं बोलले. गाठ कुठे आहे, कुठवर पसरली आहे, डॉक्टर काय म्हणाले. महिना, फार तर दीड. एकदा सुरू केल्यावर मी ते नीट क्रमानं सांगितलं, ऑफिसात सांगावं तसं. मला दुसरं काही येत नाही.

"म्हणजे मी मरणार," आई म्हणाली. हा शब्द तिनं स्वतःसाठी वापरलेला मी त्याआधी ऐकला नव्हता.

संध्याकाळी भाऊ आला आणि त्याला कळलं. तो जिन्यात माझ्यावर ओरडला. "तुला राहवतच न्हाई ना अक्का? सगळं लिहून, सांगून, खूण करून मोकळं व्हायचं. माणूस हाय का फाईल ती?" त्याचं खरं होतं, आणि मी सांगितलं तेही खरं होतं.

त्यानंतर चार दिवस आईनं प्रार्थना केली नाही. जेवणाआधीसुद्धा नाही. मला आठवतं तेव्हापासून असं झालं नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी बायबल काढलं की म्हणायची, "ठेव ते. मला सगळं पाठ हाय." कधी म्हणायची, "लेकरांना खोटं शिकवलं मी. किती लेकरं असतील. चाळीस वर्सं."

"खोटं नाही आई. त्यानं दिवस सांगितला नव्हता."

"मी सांगितला हुता ना. माझ्या हयातीत, म्हणाले मी."

पाचव्या दिवशी लातूरच्या एका प्रार्थना गटातल्या तीन बाया भेटायला आल्या. त्यातली मोठी आमच्या लांबच्या नात्यातली, आईच्याच वयाची. तिनं तेल लावलं, हात ठेवला, मोठ्यानं प्रार्थना केली, आणि मग आईला म्हणाली, "बाई, मनात शंका धरू नगा. शंका आली की बरं होणं थांबतं. तुमचा इश्वास कमी पडून राहिलाय, म्हणून हे."

आई चार दिवसांत पहिल्यांदा उशीवरून वर आली.

"माझा कमी पडला. तुझा पुरा हाय?"

"देवाच्या कृपेनं हाय."

"मग उठव मला. उठव की! चल, घरी जाऊ दोघी." ती बाई तेलाच्या बाटलीचं झाकण लावू लागली. "न्हाई जमत? मग चहा घे अन् जा. अन् दुसऱ्या कुणाला असलं बोलू नकोस. मरणाऱ्याला लई लागतं."

त्या गेल्यावर आई थकून पडली. थोड्या वेळानं म्हणाली, "मी पण बोलले असंल असं कुणाला. आठवत न्हाई, पण बोलले असंल." आणि मग तिनं डोळे मिटून ओठ हलवले. माझ्याकडे त्या दिवसाच्या औषधांच्या वेळा लिहिलेल्या होत्या, त्याखाली मी फक्त लिहिलं, सव्वापाच.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिला उदगीरला घरी आणलं. आता एकच व्यवस्था उरली होती आणि तिचा विषय मलाच काढावा लागणार होता. पण तो वीटभट्टीवाल्यानं काढला. तो एका दुपारी आला, दाराच्या आत पाऊल ठेवेना. उंबऱ्यापाशी उभा राहून म्हणाला, "बाई, मी पाळकांना इचारलंय. तुमची जागा हाय ती. मी माझ्या बायकोला हलवतो. मागं भिंतीकडं नेतो. आता पाऊस बी न्हाई."

आई म्हणाली, "आत ये. बस." तो बसला. "तिला कुणी हात लावायचा न्हाई. ऐकलंस? ती निजलीय, निजू दे. दिलेलं मी परत घेत न्हाई."

"मग तुमी कुठं..."

"माझं मी बघते. पोरं काय करतेत? जेवतेत का नीट?"

तो गेल्यावर मी तिला पर्याय सांगितले. एक, भिंतीकडची जागा, जिथे पावसाळ्यात पाणी असतं. दोन, बाबांचीच कबर उघडणं. आमच्या कमिटीचा नियम असा की पंधरा वर्षं उलटली की घरच्यांच्या संमतीनं जुनी कबर उघडता येते. जे उरलं असेल ते पांढऱ्या कापडात बांधून नव्या पेटीशेजारी ठेवतात. नांदेडला मी स्वतः उभी राहून तीनदा हे करवून घेतलं होतं. आईनं कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे बाया त्या वेळी जात नाहीत. मी जायचे, कारण कागदावर सही माझी असायची.

आईनं पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग विचारलं, "काय उरतं?"

"म्हणजे?"

"तू बघितलंस म्हणतीस. ह्यांचं काय उरलं असंल? सांग. गोड करून सांगू नको."

मी आठवून सांगितलं. "लाकूड राहत नाही. मोठी हाडं राहतात. मांडीची, दंडाची. कवटी. दात तर राहतातच. कोटाची बटणं. बाबांचा चष्मा ठेवला होता, त्याची दांडी असेल."

ती ऐकत होती, जशी ती रविवारी मुलांचं पाठांतर ऐकायची, मधे न बोलता. तिच्या तक्त्यात असलं काही नव्हतं. तिथे माणसं कपड्यांसकट वर जात होती, अंगावरची घडीसुद्धा न मोडता. साठ वर्षं तिनं मरणाची ही बाजू बघितलीच नव्हती. तिला त्या वाटेनं जायचंच नव्हतं.

"एवढं पुरंल का त्याला?" तिनं विचारलं. "त्यातून उठवायला?"

मी विश्वास ठेवणारी बाई आहे. आईसारखी नाही, माझा विश्वास सही करून ठेवलेल्या कागदासारखा कपाटात असतो. इतकी दफनं मी पार पाडली, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

"पुरेल," मी म्हणाले.

"दात हाईत म्हणतीस."

"दात राहतातच."

"मग उघडा ह्यांचीच," ती म्हणाली. "दोघं एका खड्ड्यातून उठू. हे कूस बदलायचे रात्रभर, जागा कमी पडायची मला. तसंच व्हईल परत." ती हसली आणि हसताना तिला कळ आली.

त्यानंतर ती शांत झाली, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. कधी व्हायची. कधी तिला भीती वाटायची, आणि ती भीती लहान मुलासारखी असायची. "अंधार असंल का गं मधे? मधल्या काळात?" ती विचारायची. पाळकसाहेब सांगायचे, झोपेसारखं असेल, झोपलेल्याला वेळ कळत नाही. ती म्हणायची, "मला झोपंतून उठल्यावरच भ्या वाटलं होतं साहेब, लातूरला." यावर काय सांगावं मला ठाऊक नाही, असं त्यांनी कबूल केलं, म्हणून मला ते तेव्हापासून जास्त आवडतात. दुखणं वाढलं की ती प्रभूचं नाव घ्यायची, कधी विनवणीनं, कधी रागानं. "किती उशीर करतोस रे," म्हणायची. पण त्याला हाक मारत होती. ती गप्प होती त्या चार दिवसांपेक्षा मला हे बरं वाटत होतं.

एका सकाळी अकराच्या सुमाराला भाऊ मोंढ्यात गेला होता आणि मी तिची नखं कापत होते. डाव्या हाताची झाली. उजवा हात घेतला तेव्हा तो जड लागला. मी वर बघितलं. तिचे डोळे अर्धे उघडे होते. शेवटचे शब्द असे काही नाहीत. त्याआधी ती एवढंच म्हणाली होती, "जास्त आत कापू नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला दफन ठरलं. सकाळी सात वाजता मी आणि भाऊ कब्रस्तानात होतो. खणणारा म्हातारा गावातलाच, आमच्या धर्माचा नाही, सगळ्यांसाठी खणतो. त्यानं दगड बाजूला केला आणि सुरुवात केली. तीन फूट. चार. माती काळी, चिकट, लोण्यासारखी कापली जाणारी. मी पांढरं कापड उघडून हातात धरलं होतं. साडेचार फुटांवर तो थांबला आणि खोरं बाजूला ठेवून हातानं चाचपू लागला. एक लांब हाड निघालं, मांडीचं, मातीच्याच रंगाचं, दोन्ही टोकांना झिजलेलं. त्यानं ते वर दिलं. मग बोटाएवढे दोनतीन तुकडे.

"आणखी?" मी विचारलं.

"न्हाई बाई."

"कवटी? दात?"

"काळ्या रानात काय राहत न्हाई. मुरमात राहतं. हितं पाणी धरून बसतंय, खाऊन टाकतंय सगळं."

नांदेडचं आमचं कब्रस्तान मुरमाड आहे. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी आईला जे उरलेलं मोजून सांगितलं होतं, ते दुसऱ्याच जमिनीतलं होतं.

मी चप्पल काढली, पदर खोचला आणि शिडीवरून खाली उतरले. भाऊ वरून म्हणाला, "अक्का, काय करतीस? वर ये." मी म्हाताऱ्याकडून खुरपं घेतलं आणि डोक्याच्या बाजूला, पश्चिमेकडे, माती उकरायला लागले. मूठभर माती घ्यायची, बोटांनी फोडायची, बाजूला टाकायची. एक दात. एक बटण. चष्म्याची दांडी. यातली एक वस्तू तरी हवी होती. कोणासाठी, हे मला सांगता येत नव्हतं. आई घरी बर्फावर होती आणि तिला आता काही दाखवायचं नव्हतं. मी तासभर उकरलं. गुडघे चिखलानं भरले. नखांत माती गेली. काही निघालं नाही. फक्त एका जागी माती जरा जास्त काळी आणि मऊ होती, आणि तिथे डोकं असणार, एवढं म्हाताऱ्यानं सांगितलं.

भाऊ वर बसून रडत होता. "बास झालं की गं," तो म्हणाला. "न्हाई तर न्हाई."

मी त्या काळ्या मातीतली एक ओंजळ घेतली आणि कापडात हाडाशेजारी ठेवली. गाठ मारली. गाठोडं इतकं हलकं होतं की मी ते एका हातानं वर दिलं. म्हातारा म्हणाला, "बाई, मातीच हाय ती." मी म्हणाले, "असू दे."

चार वाजता सगळं वेळेवर झालं. खुर्च्या आल्या, पाणी आलं, फुलं आली. वीटभट्टीवाला त्याच्या दोन पोरांना घेऊन शेजारच्या कबरीपाशी उभा होता. पेटी खाली गेली, पाय पूर्वेकडे, आणि उजव्या बाजूला गाठोडं. मग पाळकसाहेबांनी विश्वासाची कबुली सुरू केली आणि सगळ्यांनी म्हणायला सुरुवात केली. मृतांच्या पुनरुत्थानाचं वाक्य त्यात शेवटी येतं. आजवर मी ते प्रत्येक दफनात म्हटलं आहे, आणि म्हणता म्हणता खुर्च्या मोजल्या आहेत, पाण्याच्या जारकडे बघितलं आहे, सुताराला खुणावलं आहे. त्या दिवशी मी खड्ड्यात बघत होते. तिथे आई होती, जिला मी चुकीचं सांगितलं होतं, आणि बाबा होते, ज्यांचं एक हाड आणि ओंजळभर माती उरली होती. तेवढ्यातून दोन माणसं उभी करायची होती. मी वाक्य म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, जरा घाईनंच, रागावल्यासारखं, आणि बाकीच्यांच्या आधी संपवलं. मग त्यांचं संपेपर्यंत वाट बघत उभी राहिले.